तोंडातली मादोन्ना

रेस्तितुता किती वेळा विष प्यायली याचा हिशेब तिनं कधी ठेवला नाही. छातीत कट्यार खुपसून घेणं तर तिला हातचा मळ वाटे. एकदा ग्रीक कवयित्री होऊन ती कड्यावरून समुद्रात उडी घ्यायला निघाली होती, पण ऐन वेळी चित्रकाराचा निळा रंग संपला आणि ती उडी दुपारच्या जेवणानंतर घ्यावी लागली. मरून झालं की ती उठायची, आखडलेली मान कडाकड मोडायची, घरी जाऊन डुकराच्या कातडीबरोबर घेवडा शिजत ठेवायची आणि भांडायला बसायची. नवरा होता तोवर नवऱ्याशी, तो गेल्यावर शेजारणीशी.

रोममध्ये त्या काळी जुन्या रोमन बायकांना फार मागणी होती. खऱ्या मरून युगं लोटली होती, त्यामुळे डोंगरातल्या बायकांना काम मिळे. इंग्लंडातून, जर्मनीतून चित्रकार येत, मार्गुत्ता गल्लीत मोठ्या खिडक्यांच्या खोल्या भाड्यानं घेत आणि संगमरवरी बाकावर कुणालातरी चादर गुंडाळून बसवत. चादर नीट गुंडाळली की राणी, सैल गुंडाळली की देवी, आणि गुंडाळायचीच राहून गेली की व्हीनस. रेस्तितुता व्हीनस कधी झाली नाही. ती रोक्कास्पिना गावची. तिथल्या बायका अंघोळसुद्धा एका वेळी एका पायाची करतात. पण गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेल्या जेवढ्या म्हणून राण्या, राजमाता आणि पतिव्रता त्या वर्षांत रंगल्या, त्यांतल्या निम्म्या तिच्या होत्या.

तिचं नाव झालं ते तोंडामुळे. नाक चारचौघींसारखं, डोळे जरा बारीकच. पण ओठ! मिटलेले, किंचित आवळलेले, जणू बाईला साम्राज्याचं सगळं गुपित ठाऊक आहे आणि ती ते मेली तरी सांगणार नाही. हे खानदानी रोमन रक्त, असं चित्रकार एकमेकांना सांगत. एका जर्मनानं तर तिच्या वरच्या ओठावर व्याख्यान दिलं होतं म्हणे.

खरी गोष्ट अशी की तिच्या तोंडात मादोन्ना असे.

म्हणजे पदक. चांदीचं, करंगळीच्या नखाएवढं, गावच्या काळ्या मादोन्नाचं, येशूच्या आईचं. पहिल्याच कामाच्या दिवशी चित्रकारानं तिला गळ्यातलं काढायला सांगितलं होतं. ती हादरली. तो समजावू लागला, "बाई, ही जी राणी आहे ना, ती होऊन गेली तेव्हा मादोन्ना जन्मालाच आली नव्हती."

"मग त्या बिचारीकडे बघत कोण होतं?" रेस्तितुतानं विचारलं. चित्रकार रंग कालवायला वळला.

डोंगरातल्या मंडळींचं मत या बाबतीत पक्कं होतं. सैतान काही शिकलेला नाही. त्याला सोंग आणि खरं यातला फरक कळत नाही. तो रस्त्यानं जाता जाता खिडकीतून डोकावतो, आत जुनी रोमन देवी ज्युनो बसलेली दिसते, गळ्यात काहीच नाही. म्हणतो, अरे, ही तर आपल्यातलीच! आणि मग धरतो. चेक्का नावाच्या एकीनं पदक न घेता डायना केली होती, तर तिची शेळी आटली आणि नवऱ्याला टक्कल पडलं, दोन्ही एकाच आठवड्यात. तेव्हापासून जो तो आपापली मादोन्ना आपापल्या परीनं लपवी. कुणी अंबाड्यात, कुणी बगलेत. कुणाची कुठे आहे हे विचारायची मात्र रीत नव्हती. आपण दुसऱ्याचं पाद्र्यापुढचं पापनिवेदन ऐकतो का? रेस्तितुताचे केस तेव्हा तापानं गळालेले होते, म्हणून तिनं पदक जिभेखाली धरलं. ते पडू नये म्हणून ओठ आवळले. आणि त्या आवळलेल्या ओठांवर तिनं घर चालवलं, मुलगा वाढवला, नवरा नीट पेटीत घालून पुरला.

त्रिनिताच्या चर्चखाली जो रुंद जिना आहे, तिथे ही मंडळी सकाळी कामाची वाट बघत बसत. बसायच्या जागा ठरलेल्या. वर उन्हात देव्या आणि राण्या. मधे संत आणि मेंढपाळ. खाली सावलीत, कारंज्याच्या ओल्या अंगाला, चेटकिणी, दाया आणि भिकारणी. वरच्या उन्हात रेस्तितुताचं बसायचं मेंढीचं कातडं वर्षानुवर्षं पसरलेलं. एकदा खाली गेलेली बाई पुन्हा वर आलेली कुणी पाहिली नव्हती.

मधल्या संतांमध्ये काका इलारिओ बसे. काका म्हणजे साक्षात आकाशातला बाप. दाढी छातीपर्यंत, पांढरीशुभ्र. तो ख्रिश्चनांचा देवबाप होई आणि गरज पडली तर जुन्या रोमनांचा ज्युपिटरही होई. फरक एवढाच की ज्युपिटरला सदरा काढावा लागे, त्यामुळे हिवाळ्यात तो फक्त ख्रिस्ती असे.

त्या शरदात मिस्टर हॅलोज इंग्लंडहून परत आला. रेस्तितुताचं हे जुनं गिऱ्हाईक. उंच, लालबुंद, मनाचा चांगला. इतकी वर्षं रोममध्ये राहून तो त्यांची भाषा अशी बोले, की सगळे बाप्ये बायका होत आणि सगळ्या बायका बाप्ये. तो जिन्यावर आला, टोपी काढली आणि म्हणाला, "रेस्तितुता! मोठा चित्र करतो. एक रोमन बाई, एकटा बसला आहे, घर सांभाळतो, राज्य सांभाळतो. लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाचा!"

रेस्तितुता उठून घागरा झटकू लागली. "चला."

"तू नको," मिस्टर हॅलोज म्हणाला, आणि आणखीच लाल झाला. "म्हणजे तू पण ये. पण चेहरा... तो." त्यानं बोट दाखवलं.

बोट एर्सिलियाकडे होतं. रेस्तितुताच्या मुलाची, लोरेतोची ठरलेली बायको. नदीकाठच्या धोबिणीची लेक, पक्की शहरी, गालाला खळ्या, आणि त्या वेळी सहज येऊन अंजीर खात बसलेली. ईस्टरनंतर लग्न होतं. साखरपुड्याला रेस्तितुतानं आपल्या सासूचं पदक तिच्या गळ्यात घातलं होतं, तेही गावच्याच काळ्या मादोन्नाचं.

"लग्न ठरलेली पोरगी आहे ती," रेस्तितुता म्हणाली. "एकटी नाही येणार."

"म्हणून तू ये! सोबत बस. आणि ऐक," मिस्टर हॅलोज जवळ आला, "शनिवारपर्यंत त्याचा चेहरा जमला नाही, तर तुझा घेतो. शप्पथ."

तो गेला. काका इलारिओनं दाढीतून बोटं फिरवली. "वा! सून रोमन राणी आणि सासू तिची राखणदारीण. उद्यापासून खाली बसणार का गं, की शनिवारनंतर?"

"तुमच्या दाढीला आग लागो, काका."

"लागली तर मोझेसच्या पेटत्या झुडपाचं काम मिळेल."

झालं, एर्सिलिया बाकावर बसली आणि रेस्तितुता भिंतीशी खुर्चीत. पहिल्याच दिवशी ती खुर्चीतून अर्धी उठली. चित्रकारानं पदक काढायला सांगितल्याबरोबर पोरीनं ते गळ्यातून काढलं आणि रंगाच्या चिंध्यांशेजारी ठेवून दिलं. सासूच्या सासूची मादोन्ना, टर्पेंटाइनच्या वासात!

"अगं ए! कुठे ठेवतेस?"

"इथे. का? संध्याकाळी घालीन की."

"आणि तोवर?"

"तोवर मी रोमन आहे," एर्सिलिया म्हणाली आणि खुदकन हसली.

ती हसायचीच. मिस्टर हॅलोजच्या बोलण्याला हसायची, खिडकीतल्या कबुतराला हसायची, नाकावर माशी बसली म्हणून हसायची. हसत नसली की तिचे ओठ आपोआप उघडे पडत, जणू कुणीतरी अंजीर भरवणार आहे. मिस्टर हॅलोज रंग लावी, खरवडी, पुन्हा लावी. "राज्य! राज्याचा विचार कर!" तो ओरडे.

"कुठल्या राज्याचा?" एर्सिलिया विचारी. "आमच्याकडे आत्ताच बदललंय, पोपचं गेलं, राजाचं आलं."

रेस्तितुता भिंतीशी हाताची घडी घालून बसली होती. ती काही दगड नव्हती. हे सगळं बघून तिच्या मनात काय गार गार वाटत होतं, ते तिलाच ठाऊक. शनिवार जवळ येत होता. पोरीला जमत नव्हतं. आपण काहीही करायची गरज नाही. नुसतं बसायचं, आणि शनिवारी उठून त्या बाकावर जायचं. आपला चेहरा लंडनला जाईल, आपलं कातडं उन्हात राहील.

पण उघड्या गळ्याची पोरगी तिच्या घरात येणार होती. लोरेतोच्या डोक्यावर आधीच केस कमी. आणि पुढे नातवंडं? उद्या पाळण्यात वाकून बघावं आणि बाळाच्या पायाला खूर असावेत!

ती काका इलारिओकडे गेली. सल्ला मागितला असं दाखवलं नाही. त्याच्या शेजारी बसून नुसती कांदा सोलू लागली.

"पोरगी पदकाशिवाय बसते," ती म्हणाली.

काकानं छातीवर क्रुसाची खूण केली. "मग सांग की तिला. लपव म्हणावं."

"कुठे?"

"तुझं तू कुठे लपवतेस?"

रेस्तितुतानं ओठ आवळले. काकानं तिच्या ओठांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मांडीवर थाप मारून तो असा हसला की आकाशातल्या बापाची दाढी कांद्याच्या सालींत लोळली. "खानदानी रक्त! अगं भवाने, तो जर्मन बापडा त्याच्यावर व्याख्यान देऊन गेला!"

"ओरडू नका."

"म्हणजे तिला जागा दाखवलीस तर तिला तुझं तोंड मिळतं, आणि नाही दाखवलीस तर तिला सैतान मिळतो." काकानं डोळे पुसले. "काय हवंय तुला? चेहरा की सून?"

"दोन्ही."

"दोन्ही तर मलाही देता येत नाही," देवबाप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रेस्तितुतानं मधला मार्ग काढला. "अंबाड्यात ठेव," तिनं सांगितलं. आत्मा वाचेल आणि ओठ आहेत तसेच राहतील! पण मिस्टर हॅलोजला केस जरा मोकळे हवे होते. त्यानं एक पीन काढली आणि मादोन्ना खणखणत फरशीवरून बाकाखाली गेली. चित्रकारासकट तिघं गुडघ्यांवर. मग रेस्तितुता म्हणाली बगलेत धर. एर्सिलियानं धरलं, तर हात असा चिकटला की मिस्टर हॅलोजनं काळजीनं विचारलं, "त्याला गळू झाला का?"

शुक्रवार उजाडला. एर्सिलियानं पदक पुन्हा चिंध्यांशेजारी टाकलं. "मावशी, जाऊ द्या आता. एवढ्या वेळात सैतान आला असता तर आला असता. आणि उद्या तुम्हीच बसणार आहात. मला काही राणीपण जमत नाही." हे म्हणताना ती हसली नाही. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं रेस्तितुताला दिसलं. "लोरेतोला मी सांगितलं होतं, तुझ्या आईसारखी होऊन दाखवीन म्हणून."

रेस्तितुतानं तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःशीच एक शिवी हासडली, अस्सल रोक्कास्पिनाची, जी ऐकून तिथली गाढवं थांबतात. तिनं पदक उचललं, घागऱ्याला पुसलं.

"आ कर."

"काय?"

"तोंड उघड म्हणते. जिभेखाली धर. ओठ मीट. पाडलंस तर मुस्काट फोडीन."

एर्सिलियानं धरलं. "गार लागतंय," ती पुटपुटली.

"बोलू नको."

"चमच्याची चव येतेय."

"बोलू नको म्हटलं ना!"

ओठ मिटले. थोडे आवळले. मिस्टर हॅलोज वळला आणि त्याच्या हातातला कुंचला तसाच राहिला. "हा!" तो म्हणाला. "हा काय झाला! रोज असा का नाही करत?" तो घाईघाईनं रंग कालवू लागला. त्या भरात त्यानं नाकाखाली हात फिरवला आणि त्याला छान निळी मिशी आली.

एर्सिलियानं ती मिशी पाहिली.

हसू आलं. खांद्यापासून आलं. पण पाडायचं नाही, उघडायचं नाही, बोलायचं नाही, असा सासूचा हुकूम होता. कोंडलेल्या हसण्याला कुठेतरी जावंच लागतं. ते खाली गेलं. तिनं हसू गिळलं, आणि हसण्याबरोबर मादोन्नाही.

तिचा चेहराच बदलला. डोळे आधी मोठे झाले, मग हळूहळू खाली झुकले, आत कुठेतरी काही उतरतंय त्याचा कानोसा घेतल्यासारखे. हनुवटी वर गेली. एक हात आपोआप पोटावर येऊन थांबला. ओठ आता खरेच मिटले, कारण उघडायची भीती वाटत होती. सगळं राज्य, सगळं घर, होऊन गेलेलं आणि व्हायचं असलेलं, सगळं त्या चेहऱ्यात येऊन बसलं.

"हलतो नाही!" मिस्टर हॅलोज किंचाळला. "कुणीपण हलतो नाही! हाच तो बाई!" आणि तो कॅनव्हासवर तुटून पडला.

एर्सिलियाची नजर रेस्तितुताकडे वळली. वाचवा, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

आता फक्त एक हाक. "अहो थांबा, पोरीनं पदक गिळलं!" की खेळ संपला. पोरीला घेऊन घरी, पलंगावर; शनिवारी बाकावर रेस्तितुता. कुणी तिला नाव ठेवलं नसतं. उलट म्हणाले असते, सासू असावी तर अशी, चित्रापेक्षा तिला सून प्यारी. हाक गळ्यापर्यंत आली होती.

पण जन्म या धंद्यात गेला होता. गवयाला सूर लागतो तसा माणसाला कधी कधी चेहरा लागतो. तो लागला की टाळी वाजवायची नाही, खोकायचं नाही, दार लोटायचं नाही. इतकी वर्षं पदक चघळूनसुद्धा रेस्तितुताला असा चेहरा लागला नव्हता, आणि ते तिला बसल्या जागी कळलं. पोरीचं काय, पदक नखाएवढं होतं, सरळ उतरलं होतं. रोक्कास्पिनातल्या पोरांनी गुंड्या गिळलेल्या तिनं पाहिल्या होत्या, एकानं तर जोड्याचं बक्कल. सगळं आपापल्या वाटेनं परत आलं होतं.

ती उठली, चित्रकाराच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली आणि पोरीच्या डोळ्यांत डोळे घातले. एक बोट ओठांवर ठेवलं. मग तळहात हळूच खाली दाबला. बस, बाळ. मी आहे. बस.

एर्सिलिया बसली.

"काय झाला त्याला?" मिस्टर हॅलोजनं मागे न बघता विचारलं.

"वयात आली," रेस्तितुता म्हणाली.

उजेड उतरेपर्यंत तिनं तिथून पाय हलवला नाही. मिस्टर हॅलोजनं कुंचला फेकला, रेस्तितुताचे दोन्ही हात धरून त्यांचे मुके घेतले, आणि मिशीतला निळा रंग तिच्या बोटांना लागला. तेवढ्यात बाकावरून बांध फुटला. "मावशी! मी मादोन्ना खाल्ली!"

"काय खाल्ला?" मिस्टर हॅलोजनं विचारलं.

"भूक लागलीय म्हणते," रेस्तितुता म्हणाली आणि पोरीला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग उकडलेली कडू भाजी आणि ऑलिव्हचं तेल, आणि पुन्हा भाजी आणि पुन्हा तेल. जिन्यावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. काका इलारिओ रोज सकाळी टोपी काढून गंभीरपणे विचारी, "काय गं, मादोन्नाची मिरवणूक कधी निघणार? बँड सांगून ठेवू का?" लोरेतो बिचारा कान लाल करून कोपऱ्यात बसे. तिसऱ्या सकाळी मिरवणूक निघाली. रेस्तितुतानं पदक राखेनं घासलं, व्हिनेगरनं धुतलं, पुन्हा घासलं आणि रुमालात बांधून फादरकडे नेलं. पुन्हा मंतरायला हवं का, तिनं विचारलं. फादर म्हातारा होता, डोंगरातलाच. तो म्हणाला, "गोठ्यात बाळंत झालेली बाई आहे ती. तिला किळस येत नाही. घाल पोरीच्या गळ्यात."

चित्र पेटीत बंद होण्याआधी मिस्टर हॅलोजनं सगळ्यांना बघायला बोलावलं. एक चष्मेवाले गृहस्थ चित्रासमोर उभे राहून दोन इंग्लिश बायकांना सांगत होते, आणि मिस्टर हॅलोज अभिमानानं त्याचं भाषांतर मंडळींसाठी करत होता: "ती म्हणते, बघा, हा जुना रोमन बाई! त्याच्या पोटात एक पवित्र गोष्ट आहे, तो कुणाला सांगत नाही!"

एर्सिलियानं रेस्तितुताच्या दंडाला चिमटा घेतला. काका इलारिओ खोकला आल्याचं निमित्त करून जिन्यात गेला आणि तिथून बराच वेळ खोकत राहिला.

रेस्तितुतानं चित्र नीट पाहिलं. या धंद्यातली माणसं बघतात तसं, तुकड्या-तुकड्यानं. नाक पोरीचं. खळ्या झाकल्यात, चांगलं केलं. हात कुणाचा घातलाय? हां, धोबिणीच्या लेकीचा तो, लाल बोटं गोरी केलीत. ओठांपाशी ती थोडी जास्त थांबली. आपले नव्हते. आपल्यापेक्षा बरे होते.

"रेस्तितुता," मिस्टर हॅलोज तिच्या कानाशी आला, "पुढचा चित्र तुझा. गुहेतला म्हातारी, भविष्य सांगणारा. तोंड मोठा उघडा! ओरडतो! येतो का?"

"बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यावर लवकर आली. कुणी काही म्हणायच्या आत तिनं वरच्या उन्हातलं कातडं उचललं, झटकलं आणि बगलेत मारलं. एर्सिलिया धावत आली.

"मावशी, कुठे चाललात? दोघींपुरती जागा आहे इथे."

"राण्या दाटीवाटीनं बसत नाहीत. बस तिथे. आणि पाय झाक. घोटे व्हीनसचे असतात."

ती उतरत गेली. मेंढपाळांनी आणि संतांनी पाय आखडून वाट दिली. कारंज्याशी चेटकिणींमधली सगळ्यात जुनी, बोळक्या तोंडाची कार्मोसिना, चांगली फतकल मारून बसली होती.

"सरक," रेस्तितुता म्हणाली.

"का म्हणून? आली मोठी महाराणी! इथे माझी आई बसायची."

"मग तिच्या मांडीवर जाऊन बस. मला जागा दे."

"नाही देत जा! तोंड आवळून बसायचं ते वर. इथे नाही चालायचं ते!"

रेस्तितुतानं कातडं खाली टाकलं, कमरेवर हात ठेवले आणि तोंड उघडलं. असं उघडलं, की कारंज्यावरची सगळी कबुतरं एकदम उडाली, कार्मोसिना घाबरून फूटभर सरकली, आणि मधल्या पायरीवरून आकाशातल्या बापानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अगं हळू!" तो ओरडला. "चित्र अजून सुरू व्हायचंय!"